फॅमिली ट्रिपला विमानाऐवजी गाडीने जाताय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

सुट्टी ठरली की घरात पहिला वाद हाच, विमानाने जायचं की गाडी काढायची. आणि बहुतेक वेळा तो तिकिटाच्या आकड्यावर मिटतो, चार-पाच जणांची तिकिटं बघितली, डोळे पांढरे झाले, चला गाडीने जाऊ. मग उरलेलं सगळं प्लॅनिंग विमानाचंच राहतं, म्हणजे सकाळी निघायचं आणि एका दमात पोचायचं, आणि तिथेच वाट लागते. आम्ही मुलं आणि सासूसासरे घेऊन लांबचे प्रवास आता गाडीनेच करतो, त्यातून जे कळलं ते लिहितेय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे: प्लॅन करायचा तो गाडीतल्या कच्च्या लिंबूच्या हिशोबाने, चालवणाऱ्याच्या उत्साहाच्या हिशोबाने नाही. ते कच्चं लिंबू कधी दोन वर्षांचं पोर असतं, कधी गुडघे धरणारे आजोबा, कधी गाडी लागणारी ताई. आपल्या गाडीत ते कोण आहे ते आधी ठरवा आणि मग पुढे वाचा.

१. आधी गाडीने जाणं परवडतंय का बघा, पैशांत आणि तासांत

विमान एक तासाचं असलं तरी प्रवास एक तासाचा नसतो. घरातून एअरपोर्टला जाणं, देशातल्या देशात असेल तर साधारण दोन तास आधी आणि परदेशी असेल तर तीन तास आधी पोचणं, चेक-इन, सिक्युरिटी, मग उतरल्यावर बेल्टवर बॅगांची वाट बघणं, मग टॅक्सी शोधून मुक्कामापर्यंत. दारापासून दारापर्यंत धरलं तर एक तासाच्या फ्लाइटचे आरामात पाच-सहा तास होतात. आता गाडीचे तास मोजा, पण मॅप दाखवतो तेवढे नाही, त्यात पाव ते एक तृतीयांश वाढवून, कारण मॅपला शू लागत नाही.

हे दोन आकडे शेजारी लिहा. गाडीचं सगळं थांबे धरून एका दिवसात बसत असेल, म्हणजे आठ-नऊ तासांत, तर फॅमिलीसाठी गाडी बहुतेक वेळा जिंकते. जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस लागणार असतील आणि सुट्टीच पाच दिवसांची असेल तर हट्ट करू नका, सरळ विमान पकडा. एक मधला मार्ग बरेच जण विसरतात, तो म्हणजे लांबचा टप्पा विमानाने किंवा ट्रेनने करायचा आणि तिथे उतरून गाडी भाड्याने घ्यायची.

पैशांचं म्हणाल तर विमानाचा खर्च माणसागणिक वाढतो आणि गाडीचा दोन बसले काय नि पाच बसले काय जवळपास तेवढाच. पण लोक फक्त इंधन मोजतात. टोल, वाटेतला मुक्काम, सगळ्यांचं वाटेतलं खाणं, हॉटेलचं पार्किंग, परत आल्यावरची सर्व्हिसिंग हे पण धरा. आणि दुसऱ्या बाजूला विमानाच्या खात्यात बॅगेज, दोन्हीकडची टॅक्सी आणि तिथे फिरायला लागणारी गाडी धरा, मगच तुलना बरोबर होते. एकटा किंवा दोघंच असाल तर गाडीचं गणित बहुतेक वेळा बसत नाही. कार्बनचंही तसंच आहे, भरलेली गाडी माणशी हिशोबात विमानापेक्षा बरी पडते, एकटाच माणूस चालवत गेला तर तो फायदा फारसा उरत नाही.

आणि एक सांगून टाकते, कारण व्हॉट्सॲपवर उलटंच फिरत असतं: किलोमीटरमागे धोका बघितला तर प्रवासी विमान हे गाडीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. गाडी निवडायची कारणं वेगळी आहेत, बाबागाडी-व्हीलचेअर सोबत नेता येते, पोर रडलं तर थांबता येतं, प्लॅन बदलता येतो, तिथे गेल्यावर हातात वाहन असतं. सुरक्षितता मात्र आपली आपल्याला तयार करावी लागते.

२. दिवसाचे तास ठरवा, किलोमीटर नाही

"एका दिवसात आठशे किलोमीटर मारले" ही बढाई एकट्या माणसाची असते, फॅमिलीवाल्याची नाही. आमचा नियम असा आहे की लहान मुलं असतील तर प्रत्यक्ष स्टिअरिंगवर सहा तास, चालवणारे दोघं असतील आणि मुलं मोठी असतील तर फार तर आठ. दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटांचा ब्रेक हा जगभर सांगितला जाणारा नियम आहे, आणि लहान मूल असेल तर पंधराची वीस-तीस होतातच, कारण बूट शोधण्यातच पाच जातात. सहा तासांचं ड्रायव्हिंग म्हणजे मधे तीन ब्रेक, त्यातला एक जेवणाचा, म्हणजे झाले आठ तास. सकाळी सातला निघालात तर तीनला मुक्कामी, उजेडात, पोरांना पळायला वेळ उरतो. याहून जास्त मला तरी पटत नाही.

पहिला दिवस छोटा ठेवा. सगळे उलट करतात, पहिल्याच दिवशी ताजेतवाने आहोत म्हणून मोठा टप्पा घेतात, पण आदल्या रात्री बॅगा भरत बारा वाजलेले असतात आणि ताजंतवानं कोणीच नसतं.

आता सगळ्यात मोठा सापळा: "रात्री निघू, मुलं झोपतील, रस्ता मोकळा मिळेल." मुलं झोपतात हे खरं, पण चालवणाऱ्याचं शरीरही झोपायला बघत असतं. साधारण रात्री दोन ते सकाळी सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीराची जाग नैसर्गिकपणेच खाली येते, तुम्ही कितीही पक्के ड्रायव्हर असा. त्यात दिवसभर ऑफिस करून रात्री निघालात तर अजूनच वाईट, सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचा मेंदू रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंद चालतो असं १९९७ मधल्या एका अभ्यासात दिसलंय. ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांची डुलकी लागली तर शंभर मीटरहून जास्त अंतर गाडी कोणीच चालवत नसतं. आणि समजा काही झालं नाही तरी सकाळी पोचल्यावर काय चित्र असतं बघा, मुलं झोप पूर्ण झालेली, उड्या मारतायत, आणि ज्याने रात्रभर गाडी चालवली तो बेडवर आडवा, आणि चेक-इन दुपारी.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, चेहऱ्यावर पाणी मारणं, याने झोप जात नाही, दहा मिनिटं पुढे ढकलली जाते. खरंच झोप आली तर सुरक्षित जागी थांबा, कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे उठता उठता दोन्हीचा फायदा मिळतो. आणि एसी सतत आतलीच हवा फिरवायच्या मोडवर ठेवू नका, बंद गाडीत पाच माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सगळ्यांनाच पेंग येते, अधूनमधून बाहेरची हवा घ्या. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं मात्र कधीही नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुक्काम बुक करताना तीन गोष्टी बघा: हायवेपासून फार आत नको, पार्किंग आवारातच हवं, आणि बुकिंग कॅन्सल करता येणारं हवं. ठरवलेल्या थांब्याच्या तासभर आधी एक दुसरा पर्यायही बघून ठेवा. पोर तापलं किंवा पाऊस लागला तर "अजून थोडंच राहिलंय" म्हणत ओढत बसावं लागत नाही.

३. गाडीची तपासणी दोन आठवडे आधी, आदल्या दिवशी नाही

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून आणणारे खूप आहेत. दोन अडचणी आहेत त्यात, एक म्हणजे काही पार्ट बदलायचा निघाला तर तो मिळायला वेळ नसतो, आणि दुसरी म्हणजे सर्व्हिसिंगमध्ये काही ढिलं राहिलं असेल तर ते पुढच्या काही दिवसांत कळतं, आणि तुम्ही तेव्हा हायवेवर असता. दोन आठवडे आधी करा आणि मधे रोजची गाडी चालवून बघा.

मेकॅनिकला सांगायच्या गोष्टी म्हणजे ब्रेक, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, बेल्ट, सगळे लाइट, वायपरचे रबर, एसीचा फिल्टर. हे तो बघेल. टायर मात्र स्वतः बघायला शिका, कारण लांबच्या प्रवासात गाडी आणि रस्ता यांच्यामधे तेवढंच असतं.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी असं लिहिलेला एक लांबलचक कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष, म्हणजे ३५२१ असेल तर टायर २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलाय. कधी कधी हे चार आकडे टायरच्या आतल्या बाजूला असतात, मग खाली वाकून टॉर्चने बघावं लागतं, पण बघा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं, बोटाने दाबून बारीक चिरा दिसतायत का बघा. नक्षीच्या खाचांमध्ये मधे मधे छोटे उंचवटे असतात, खाच झिजत त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं आणि बऱ्याच देशांत ती कायदेशीर शेवटची मर्यादा आहे. पावसात जायचं असेल तर तिथपर्यंत वाट बघू नका.

हवेचं प्रेशर किती ठेवायचं हे पंपावरच्या माणसाला विचारायचं नाही, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो त्यावर ते दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि दुसरा फुल लोडसाठी, ट्रिपला दुसरा घ्यायचा. हे आकडे थंड टायरचे असतात, म्हणून निघण्याआधीच मोजा. तीन तास पळवून आल्यावर प्रेशर जास्त दाखवलं म्हणून हवा काढू नका, टायर गार झाल्यावर ते कमी पडेल.

स्टेपनीतही हवा आहे का बघा. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर बहुतेक वेळा ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे ती पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यासाठी आहे, उरलेल्या ट्रिपसाठी नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसता पंप आणि पंक्चर भरायचं द्रव्य येतं, त्या बाटलीवर एक्स्पायरी असते, आणि टायर बाजूने फाटला तर त्याचा काही उपयोग नाही. चाकाला लॉकवाला नट असेल तर त्याची चावी गाडीतच आहे ना ते बघा. घरात एकदा चाक काढून लावून बघा, सगळ्यांसमोर, मुलांनाही मजा येते.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर कागदावरची रेंज विसरा. हायवेच्या वेगाला आणि थंडीत ती बरीच कमी होते. फास्ट चार्जिंग ऐंशी टक्क्यांनंतर मंदावतं, त्यामुळे प्रत्येक वेळी फुल करत बसण्यापेक्षा ऐंशीला निघून पुढे परत थांबणं वेळेत परवडतं, आणि तसंही दर दोन तासांनी थांबायचंच आहे. प्रत्येक थांब्याला दुसरा चार्जर जवळपास आहे का ते बघा आणि चार्जरचं ॲप घरीच रजिस्टर करून ठेवा, रस्त्यात ओटीपी येत नाही.

४. सामान: जागा आहे म्हणून भरू नका

गाडीने जातोय म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाला वाटतं की आता वजनाची मर्यादा नाही. असते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा दाराजवळच्या प्लेटवर एकूण वजनाची मर्यादा असते, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं धरून किती किलो घेता येतील ते कळतं. समजा ते ४५० किलो आहे. पाच जण मिळून ३२० झाले तर उरले १३०, आणि पाच जणांच्या बॅगा, पाण्याचा कॅन, बाबागाडी यात ते कधी संपतात कळत नाही. जास्त भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते, टायर तापतात, आणि मागचा भाग खाली बसला की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, त्यासाठी बऱ्याच गाड्यांत हेडलाइट खाली करायचं छोटं चक्र असतं ते वापरा.

छतावर टाकायचं असेल तर छताची मर्यादा वेगळी असते, बऱ्याच कारमध्ये साधारण ५० ते ७५ किलो, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं. जड वर ठेवलं की वळणावर गाडी जास्त झुकते, म्हणून वर हलकं आणि फुगीर सामान. जड बॅगा डिकीत तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकून.

मागच्या काचेपाशी आणि मांडीवर सुटं काही ठेवू नका. ताशी ५० ने गाडी आदळली तर आतली पाण्याची बाटली त्याच ५० च्या वेगाने पुढे येते, तो वेग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूइतका. टॅब, स्टीलचा डबा, लॅपटॉप, सगळ्याला हेच लागू.

भरायच्या क्रमाबद्दल एवढंच की जे वाटेतल्या मुक्कामाला लागणार ते एका वेगळ्या बॅगेत, आणि ती सगळ्यात शेवटी ठेवायची. सगळ्यांचे एकेक जोडी कपडे, ब्रश, चार्जर, औषधं. म्हणजे एका रात्रीसाठी अख्खी डिकी रस्त्यावर मांडावी लागत नाही. आणि जॅक-पाना जिथे आहे त्याच्यावर काय ठेवलंय हे लक्षात असू द्या, पंक्चर पावसातच होतं.

५. मुलांच्या सीट, यात तडजोड नाही

"मी घट्ट धरून बसते" हे कितीही मनापासून असलं तरी आदळल्यावर कोणाच्याही हातात पोर राहत नाही. मुलाच्या वयाला आणि उंचीला चालेल अशी कारसीट घ्या, गाडीत आयसोफिक्सचे हुक, म्हणजे कारसीट थेट गाडीला अडकवायचे हुक, आहेत का आधी बघा. बाळाची सीट मागे तोंड करून लावायची, युरोपातल्या आर१२९ या नियमात ती किमान १५ महिन्यांपर्यंत तशी ठेवायला सांगितलंय, त्यानंतरही सीटच्या मर्यादेत बसतंय तोवर ठेवली तर चांगलंच. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट कधीही लावू नका, एअरबॅगच बाळाला मारेल. पट्ट्यांखाली जाड जॅकेट नको, पट्टा बसतो घट्ट पण तो जॅकेटवर, मुलावर नाही. थंडी असेल तर पट्टा लावून वरून पांघरूण घाला.

मोठ्या मुलांना बूस्टर कधीपर्यंत, तर नियम देशाप्रमाणे बदलतो, कुठे १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत, कुठे १५०. स्वतः बघायचं तर एवढंच की खालचा पट्टा पोटावर न येता कंबरेच्या हाडावर यायला हवा आणि वरचा मानेला न घासता खांद्यावरून. भाड्याची गाडी घेताय तर सीट आधी सांगून ठेवा, शक्यतो स्वतःची न्या. तान्ह्या बाळाला सलग दोन तासांहून जास्त सीटमध्ये ठेवायचं नाही, उचलून सपाट झोपवायचं.

६. गाडी लागणं आणि कंटाळा

गाडी लागण्याचं कारण साधं आहे, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय आणि डोळे पुस्तकात नाहीतर स्क्रीनवर असतात ते म्हणतात आपण स्थिर आहोत, मेंदू गोंधळतो. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतं. म्हणून ज्याला लागते त्याला टॅब देऊ नका, समोरचा लांबचा रस्ता दिसेल अशी जागा द्या, निघताना पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे ज्याला चालवायचंय त्याने त्या घ्यायच्या नाहीत.

उलटी होण्याआधी मूल सांगत नाही, पण दिसतं. बडबडणारं पोर अचानक गप्प होतं. मग दोन-तीन जांभया. ओठांच्या भोवतीचा रंग उतरतो, कपाळ हाताला गार आणि ओलसर लागतं, आणि ते सारखं थुंकी गिळायला लागतं. इथपर्यंत आलं की तुमच्याकडे फार तर दोन-तीन मिनिटं आहेत, थांबता येत असेल तर थांबा, नाहीतर पिशवी हातात. पिशवी दुहेरी, भोकं नसलेली, आधी फुंकून बघितलेली. ओले वाइप्स, एक टॉवेल, मुलाचे पूर्ण कपडे आणि शेजारी बसणाऱ्यासाठी एक टीशर्ट, हे सगळं सीटच्या खिशात, डिकीत नाही. मोठ्यांचा टीशर्ट कोणीच घेत नाही आणि तो हमखास लागतो.

कंटाळ्यासाठी माझं मत असं आहे की सगळी खेळणी एकदम द्यायची नाहीत, तासातासाला एकेक बाहेर काढायचं. ज्याला गाडी लागत नाही त्याला स्क्रीन द्या की, प्रवासात आईबाप म्हणून आदर्श असायची काही गरज नाही. थांब्यावर मात्र मुलांना बसवून खायला घालण्यापेक्षा आधी पळू द्या, खाणं नंतर.

७. आजी-आजोबा आणि औषधं

म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत, ती पाणी प्यायचं बंद करतात. सारखं थांबवायला नको म्हणून. तेव्हा थांबा त्यांना विचारून नाही तर घड्याळाने घ्या. चार तासांहून जास्त सलग बसून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे विमानाला आहे तसंच गाडीलाही आहे, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला खाली उतरून चार पावलं चालायचंच, आणि बसल्या बसल्या घोटे फिरवायचे. आधी असा त्रास झालेला असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

औषधं डिकीत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी होते. वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि थेट बर्फाला लागूही द्यायचं नाही, गोठलं तर फेकावं लागतं. प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

८. कागदपत्रं आणि वस्तू

कागदपत्रं:
- जे जे चालवणार त्या सगळ्यांचं लायसन्स, मुदत बघून
- गाडीची नोंदणी आणि विमा, मूळ किंवा त्या ठिकाणी चालेल अशी डिजिटल प्रत
- विमा दुसऱ्या ड्रायव्हरला आणि जिथे जाताय तिथे लागू आहे का त्याची खात्री
- रोडसाइड असिस्टन्सचा नंबर, कागदावर लिहिलेला
- सगळ्यांची ओळखपत्रं, मुलांचीही
- गाडी भाड्याची, कंपनीची किंवा दुसऱ्याच्या नावावरची असेल तर मालकाचं परवानगीपत्र

सीमा ओलांडणार असाल तर पासपोर्ट-व्हिसासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागू शकतं. ते ज्या देशाचं लायसन्स आहे तिथूनच घ्यावं लागतं आणि मूळ लायसन्सशिवाय त्याला अर्थ नाही. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं परमिट एक वर्ष चालतं, १९६८ च्या करारातलं जास्तीत जास्त तीन वर्षं, कुठल्या देशात कुठलं चालतं ते बघून घ्या. आईबापांपैकी एकच जण मुलांना घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा. टोलचंही आधी बघा, काही रस्त्यांवर रोख घेतच नाहीत, आणि काही शहरांत जुन्या गाड्यांना बंदी असते किंवा आधी नोंदणी लागते, दंड नंतर घरी येतो.

वस्तू म्हणजे फर्स्ट एड, टॉर्च, रिफ्लेक्टर जॅकेट, गाडीमागे रस्त्यावर ठेवायचा धोक्याचा त्रिकोण, जंपर केबल, फोनचा चार्जर, पिण्याचं जास्तीचं पाणी. ऑफलाइन मॅप डाउनलोड केलेला, कारण नेटवर्क जिथे लागतं तिथेच जातं.

९. प्रत्यक्ष रस्त्यावर

टाकी पाव झाली की भरा, लाल दिवा लागायची वाट नको. वेग वाढवून वेळ वाचतो हा भ्रम आहे. ३०० किलोमीटरला १०० च्या ऐवजी १२० ने गेलात तर कागदावर अर्धा तास वाचतो, हवेचा विरोध मात्र ४४ टक्क्यांनी वाढतो आणि इंधनही त्यामानाने जास्त लागतं, आणि तो अर्धा तास पुढच्या शू-ब्रेकमध्ये जातो.

मोठा उतार असेल तर खालचा गिअर टाका, साधारण जो चढताना लागला असता तोच. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ऑटोमॅटिकमध्येही एल किंवा मॅन्युअल मोड असतो, तो कसा टाकायचा ते घरी शिका. पावसात साचलेल्या पाण्यावर स्टिअरिंग अचानक हलकं वाटलं तर जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा.

गाडी बंद पडली तर कडेला घ्या, हॅझर्ड लावा आणि सगळ्यांना ट्रॅफिकच्या विरुद्ध बाजूने उतरवून रेलिंगच्या पलीकडे न्या. लोक गाडीतच बसून राहतात, ते चुकीचं आहे. त्रिकोण सुरक्षितपणे लावता येत असेल तरच लावा.

"दोन मिनिटांत येते" म्हणून मुलाला गाडीत ठेवून जाऊ नका, झोपलेलं असलं तरी. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं, लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं, आणि काच थोडी खाली ठेवल्याने फार फरक पडत नाही.

परतीच्या प्रवासाला सगळे हे सगळं विसरतात. घरची ओढ असते, मग दोन दिवसांचा रस्ता एकाच दिवसात ओढायचा मोह होतो. मुक्काम जाताना जसा बुक केलात तसाच येतानाचाही आधीच करून ठेवा. निघण्याआधी थंड टायरची हवा परत बघा, येताना सामान वाढलेलं असतं. आणि ऑफिस-शाळा ज्या दिवशी सुरू होणार त्याच्या आदल्या रात्री नाही, त्याच्याही एक दिवस आधी घरी पोचा, म्हणजे गाडीतला खाऊचा चुरा साफ करायलाही कोणीतरी जागं असेल.